आपल्या झाडाचा पाला

जोतीराम डेपोतून घरी आला तेव्हा मागच्या अंगणात फणसाची एक फांदी जमिनीवर पडली होती आणि आईची शेळी ती खात होती. फांदी चांगली मनगटाएवढी जाड होती. शेळीला घाई नव्हती. एकेक पान देठापासून ओढून ती सावकाश चावत होती आणि ती काळपट हिरवी, चामड्यासारखी पानं तिच्या दातांखाली करकरत होती. भिंतीला पाठ लावून आई बसली होती. तिच्या शेजारी तिची आकडी उभी होती : लांब काठीच्या टोकाला विळा बांधलेली, मेंढरांमागं हिंडणाऱ्यांच्या हातात असते तशी. विळ्यावर पांढरा चीक सुकत चालला होता. 'आलास व्हय,' आई म्हणाली. जोतीरामनं सायकल भिंतीला लावली, आणि आपण काय करतोय हे कळायच्या आत खाली वाकून फांदीचं जाड टोक उचललं, झाडापाशी नेलं आणि खोडावर जिथं ताजी ओली जखम होती तिथं टेकवून धरलं. टोकाला टोक बरोबर बसलं. चीक तळहाताला लागला, मनगटावरून खाकी शर्टाच्या बाहीत उतरला. शेळी पानं ओढत मागं मागं आली होती. आई त्याच्याकडं बघत होती. 'काय करतुयास रं?' ती म्हणाली, आणि लगेच नजर वळवली, कारण तिलाही मळ्यातली ती दुपार आठवली असावी.

त्या वेळी तो आठ वर्षांचा होता. चैत्रातलं ऊन होतं आणि त्यांची मेंढरं औंधाच्या अलीकडं एका मळ्याच्या कडेला बसली होती. पुढं उंब्रजपर्यंत जायचं, नदीकाठ धरायचा आणि आभाळ भरून आलं की पुन्हा आटपाडीच्या माळाकडं परतायचं, असा त्यांचा दरसालचा फेरा होता. वाटेत कुठंच हिरवं उरलं नव्हतं. नुकतीच व्यालेली एक मेंढी उभी राहत नव्हती, म्हणून बापानं, धोंडिरामनं, विहिरीवरच्या आंब्याची एक फांदी आकडीनं ओढली. लहानच होती, आत्ता हातात आहे तिच्या निम्मीही नसेल. मळ्याचा मालक आला, बाजेवर बसला. त्यानं शिवी दिली नाही, हात उगारला नाही. 'जोड,' तो म्हणाला. बापाला कळलं नाही. 'तोडलीस न्हवं? आता जोड.' बापानं फांदी उचलली आणि झाडाला लावून धरली. मालक जेवायला आत गेला. जेवून झोपला असावा. बाप उभाच होता, दोन्ही हात वर. मेंढरांपाशी आई हात जोडून उभी होती. कुणाला हात जोडतेय ते कळत नव्हतं, कारण समोर कुणी नव्हतंच. दिवस कलल्यावर मालक बाहेर आला, हसला, 'जा आता' म्हणाला. फांदीवरची पानं तोवर माना टाकून बसली होती. त्या दिवशी बापानं त्याच चिकट हातानं भाकरी खाल्ली. त्या गोष्टीबद्दल तो पुढं कधी बोलला नाही, आणि मेला तोवर त्यानं आंबा तोंडात घातला नाही.

जोतीरामनं फांदी सोडली. ती पायावर पडली. चीक बोटांना बोटं चिकटवत होता. तो नळाखाली हात घासू लागला तसा चीक आणखी पसरला, आणि त्याला कुंभार्ली घाट आठवला, कारण तिथंही असाच हात घासत तो उभा राहिला होता. एसटीची एक गाडी घाटात बंद पडली होती, दुरुस्तीला तो आणि आणखी एक फिटर गेले होते. वळणावर चहाची टपरी होती. टपरीवाल्या बाईनं त्यांच्यापुढं फणस फोडला. जोतीरामनं तोवर फणस पाहिला नव्हता. माणदेशातल्या माणसानं कुठं पाहावा? तो अजस्र काटेरी गोळा, आत सोन्याचे डोळे एकाला एक लागलेले, आणि तो वास, गोड आणि थोडा आंबूस, नाकातून थेट पोटात उतरणारा. बाई हसून म्हणाली, हाताला आधी तेल लावायचं असतं. त्यानं आठळ्या फडक्यात बांधून आणल्या, डालड्याच्या डब्यात लावल्या. दोन कुजल्या, एक वर आली. दोन पानं झाली, चार झाली. तेव्हा त्यानं घरमालकांना विचारलं. नानासो हळदीच्या पेठेत अडत चालवत. पुढचं दुमजली घर त्यांचं, मागच्या दोन खोल्या जोतीरामकडं भाड्यानं. नानासो गॅलरीतून मोठ्यानं हसले होते. 'लाव की. घाटावर कुठं फणस लागतोय. सावली तरी पडंल.' डेपोत तर कितीतरी दिवस चेष्टा चालली. धनगरानं झाड लावलं, आता त्याची मेंढरं कुठं जाणार! जोतीराम त्यांच्याबरोबर हसला होता. झाड का लावलं ते त्याला सांगता आलं नसतं. बाप म्हणायचा, झाड लावलं की माणूस अडकतो. त्याला तेच हवं होतं. त्या चैत्रानंतर तो मेंढरांबरोबर गेलाच नाही; मावशीकडं राहून शाळा शिकला, सांगलीला गॅरेजात लागला, मग एसटीत. पण शाळेत, गॅरेजात, लग्नाच्या याद्या करताना, कुणीही 'मूळचे कुठले?' विचारलं की तोंडात गाव यायच्या आधी धूळ यायची. माणसांचं गाव असतं. आपला फेरा होता.

झाड वाढत गेलं. आंघोळीचं पाणी, भांड्यांचं पाणी, उन्हाळ्यात नदीवरून सायकलला लावून आणलेली घागर. एवढ्या वर्षांत त्यानं एक पान तोडलं नव्हतं. मुलगी चंद्रा फांदीला झोका बांध म्हणाली तेव्हा त्यानं तिला नको म्हटलं होतं. फांदीला दोरी काचली असती. आणि यंदा, ज्या साली माणदेशात लागोपाठ दुसऱ्यांदा पाऊस गेला, त्याच साली खोडाला अगदी खाली दोन फणस धरले. सुला, त्याची बायको, त्यांना गोणपाट बांधायची. ती बोलायची कमी, पण संध्याकाळी धुणं काढताना एकदा हात लावून बघायचीच. फणस धरले त्या सुमारासच आई आली. मेंढरं विकली गेली होती, खांडंच्या खांडं बाजारात उभी होती आणि घेणारा कसाईच होता. ही एक शेळी आईनं विकली नाही. बोचकं, आकडी आणि शेळी घेऊन ती आटपाडीहून एसटीनं आली, आणि शेळीला गाडीत घेणार नाही म्हणणाऱ्या कंडक्टरला, 'माझा ल्योक तुमच्या कंपनीत हाय,' असं सांगून आली.

'आये,' हात पुसत जोतीराम म्हणाला, 'कुनाला इचारून तोडलीस?'

आईनं त्याच्याकडं असं पाहिलं की जणू तो दुसऱ्याच मुलखाची भाषा बोलतोय. 'इचारायचं कुनाला? तुजं न्हवं?'

'माजंच हाय.'

'मंग?' ती म्हणाली. 'तुजं हाय म्हून तर पाला तोडला. लोकाच्या झाडाला हात लावताना जीव कसा मुठीत यायचा ठावं हाय का तुला? तोडायचा, आन् पळायचं. आज पयल्यांदा बसून तोडला. बसून, रं. शेळीबी बसून खातीया बघ.'

शेळी खरोखरच बसली होती. सुला दारात येऊन उभी राहिली होती, पदराआड हसू लपवत की काय कळत नव्हतं. जोतीराम आत गेला, चहा न पिता भिंतीकडं तोंड करून आडवा झाला. त्याला राग आला होता आणि तो राग धरून ठेवण्याची त्याची धडपड चालली होती, कारण सुटला तर त्याखाली काय निघेल याची त्याला भीती वाटत होती. झाड माझं, असं तो म्हणत होता. पण सात-आठ वर्षं त्यानं ते कसं सांभाळलं होतं? दुसऱ्याच्या ठेवीसारखं. या घरातही तो तसाच राहिला होता. पुढच्या दारानं कधी आला नाही. रेडिओ घेतला तो आवाज बारीक ठेवून ऐकला. नानासोंची गाडी दिसली की सायकलवरून खाली उतरायचा. सुलाला म्हणायचा, खलबत्त्यात हळू कूट. शहरात येऊन त्यानं गाव मिळवलं नव्हतं. एका झाडाशी उभं राहून, हात वर करून, कुणी 'जा आता' म्हणेपर्यंत थांबायची जागा तेवढी मिळवली होती. आणि आईनं अंगणात बसून, कुणाला न भिता, पाला तोडला होता. ज्या बाईनं रिकाम्या मळ्याला हात जोडले, तिनं. हे लक्षात आलं तेव्हा बरगडीखाली चटईची काडी टोचत होती आणि त्यानं कूस बदलली नाही.

ऊन उतरल्यावर नानासो मागच्या जिन्यानं खाली आले. तसा वाईट माणूस नव्हता. चंद्राला टायफॉइड झाला तेव्हा स्वतःच्या गाडीतून डॉक्टरांकडं घेऊन गेले होते. अंगावर बनियन, गळ्यात टॉवेल, नुकतीच वामकुक्षी झालेली. ते खोडापाशी उभे राहिले आणि त्यांनी जखमेकडं पाहिलं. चाहूल लागून जोतीराम बाहेर आला.

'जोतीराम, हे कुणी केलं?'

'आईनं, नानासो. शेळीला पाला पाहिजे होता.'

'कुणाला विचारून?'

आपलेच शब्द त्यांच्या तोंडून ऐकताना जोतीरामच्या कानामागं काहीतरी गरम झालं. तो काही बोलायच्या आत नानासो समजुतीच्या सुरात बोलू लागले होते. जमीन माझी म्हटल्यावर झाड माझं, हे तुला सांगायला नको. तू पाणी घातलंस, नाही कुठं म्हणतोय. पण नळ माझाच की. फणस उतरवशील तेव्हा आधी वर आणून द्यायचे, जावयांना मी सांगून ठेवलंय, सांगलीत माझ्या परसात फणस लागलाय म्हणून. त्यांना विश्वासच बसत नव्हता. असं सगळं ते बोलले, आणि मग आईकडं वळले. 'म्हातारे, उद्या ही शेळी इथं दिसता कामा नये. आणि ती आकडी आत ठेव.'

आई उठली. गुडघ्यावर हात ठेवून, भिंतीला धरून उठली, लुगड्याचा पदर डोक्यावर घेतला. आणि मग तिचे हात वर येऊ लागले. जोतीरामला ते दिसलं. ती काही ठरवून करत नव्हती. मान खाली, हात आपोआप छातीजवळ येत होते, तळव्याला तळवा लागायच्या बेतात होता, इथं, त्याच्या दारात, त्यानं लावलेल्या झाडाखाली, आणि तो एसटीचा फिटर असून, खिशात पगाराचं पाकीट असून, शेजारी उभा होता.

'आये,' तो म्हणाला, 'हात खाली घे.'

आवाज मोठा नव्हता. पण असा आवाज या अंगणात पूर्वी निघालेला नव्हता, म्हणून सुला बाहेर आली. आईचे हात अर्ध्यात थांबले. जोतीरामनं ते धरून खाली केले. आईचा तळवा खरखरीत होता आणि त्यावरही चीक होता. क्षणभर दोघांचे हात एकमेकांना चिकटले. मग त्यानं भिंतीशी उभी असलेली आकडी घेतली. आठव्या वर्षानंतर त्यानं ती हातात धरली नव्हती. तरी काठीचं वजन कुठं पेलायचं, विळा फांदीच्या कोणत्या बाजूनं अडकवायचा, झटका खांद्यातून द्यायचा की मनगटातून, हे हातांना माहीत होतं. त्यानं वर पाहिलं, एक भरगच्च फांदी निवडली आणि ओढली. कडकन आवाज झाला. फांदी त्याच्या आणि नानासोंच्या मधोमध पडली. धुरळा नानासोंच्या पायांवर उडाला. शेळी उठली आणि खायला लागली.

'हे तू मुद्दाम केलंस,' नानासो म्हणाले. त्यांना राग यायच्या आधी नवल वाटलं होतं.

'व्हय. मुद्दाम.' नानासोंशी बोलताना तो नेहमी शाळेतलं मराठी बोलायचा. ते कुठं गेलं त्याला कळलं नाही. 'झाड मी लावलंय. पाला माजी शेळी खानार.'

'मग घर सोडावं लागेल, जोतीराम.'

'सोडतो.'

'विचार करून बोल. आणि झाड काय डोक्यावर घेऊन जाणार?'

'न्हाई. झाड हितंच ऱ्हाईल. पर माजंच ऱ्हाईल.'

नानासोंना यावर बोलता येण्यासारखं खूप होतं. कायदा होता, व्यवहार होता, उपकारही होते. पण समोरचा माणूस यातल्या कशाशीच भांडत नव्हता. ते टॉवेल झटकून जिना चढून गेले. वर दार लागलं. जोतीराम आईशेजारी भिंतीला टेकून बसला. खोल्या मिळत नव्हत्या, भाडी वाढली होती, चंद्राची शाळा इथून जवळ होती, हे सगळं आत्ता एकामागून एक येत होतं.

'तुजा बा आसता तर भ्याला आसता,' आई म्हणाली.

'मीबी भ्यालोय.'

'भ्यालास तरी बोललास की.' आणि थोड्या वेळानं, 'फांदी लय मोठी तोडलीस. येवडा पाला एका शेळीला कशाला?' असं म्हणून तिनं त्यातली कोवळी पानं वेगळी काढायला सुरुवात केली.

स्टेशनामागं एक खोली मिळाली. पत्र्याची, पुढं हातभर ओटा, अंगण नाही. शेळी शेजारच्या वखारीत बांधायची परवानगी मिळाली. महिनाअखेरीस निघायचं ठरलं. फणस अजून कच्चे होते. पिकायला आणखी दीड-दोन महिने तरी लागणार, असं डेपोतला रत्नागिरीकडचा एक ड्रायव्हर म्हणाला होता. जोतीरामनं मनाची समजूत घातली होती. राहू देत. जावयांना खाऊ देत. तो भांडला होता पाल्यासाठी, फळासाठी नाही, असं तो स्वतःला सांगत होता आणि ते खोटं आहे हे त्याला माहीत होतं. सामान बांधताना तो मागच्या दारात जायचं टाळत होता. निघायच्या दिवशी सकाळी तो हातगाडी बघायला गेला. परत आला तर अंगणात सुला खाली बसली होती. पुढ्यात गोणपाट, हाताला कोपरापर्यंत तेल, आणि विळीवर फणसाच्या फोडी. दोन्ही उतरवले होते. खोडावर दोन देठ चीक गाळत होते.

'हे काय केलंस?' तो म्हणाला.

'भाजी,' सुला म्हणाली. 'त्या ड्रायव्हरच्या बायकोला इचारून आले. कच्च्याची करत्यात म्हनं, खोबरं घालून. पिकूस्तवर थांबायचं कशाला? पिकला की तो वर जानार.' तिनं मान वर केली नाही. 'गोणपाट मी बांधलं हुतं. दर सांजला हात लावून बघत हुते. जावई न्हाई आला बघायला.'

बांधलेली भांडी पुन्हा सोडावी लागली. स्टो शेवटचा पेटला. त्या रिकाम्या, पोतेरं फिरवलेल्या खोलीत ते चौघं भिंतीला टेकून जेवले. भाजी शिजायला वेळ लागला होता, थोडी तुरट होती, मांसासारखी रेषारेषांची; आई म्हणाली, मिठाला कमी हाय, आणि दोनदा घेतली. चंद्रानं आठळ्या वेचून खाल्ल्या. हातगाडीवाला बाहेर खोळंबला होता, त्यालाही पानावर भाकरी-भाजी दिली. मग सुलानं एक वाटी भरली, ताटली झाकली आणि चंद्राला म्हणाली, 'पुढच्या दारानं जा. वर देऊन ये. आन् वाटी रिकामी करून मागून घे, आपल्याला निघायचंय.' चंद्रा पुढच्या दारानं गेली. बराच वेळ गेला. जोतीराम गाडीला दोरी आवळत होता आणि त्याचे कान जिन्याकडं होते. चंद्रा वाटी घेऊन आली. वाटी रिकामी होती, धुतलेली होती. 'काय म्हनले?' जोतीरामनं विचारलं. 'काही नाही,' चंद्रा म्हणाली. 'वरच्या काकूंनी विचारलं, कशी केली. मी सांगितलं, आईला विचारा.' सुलानं वाटी पोत्यात घातली आणि पोत्याचं तोंड शिवलं.

नव्या खोलीत पहिले काही दिवस जोतीरामला झोपेत हात चिकट वाटायचे. जागा झाला की चोळून बघायचा, कोरडे असायचे. त्याला त्या घराची आठवण येत नव्हती, हे त्याचं त्यालाच विचित्र वाटत होतं. डेपोत तो पूर्वीपेक्षा मोठ्यानं बोलतो, असं कुणीतरी म्हणालं. मृगाचा पाऊस तोंडावर आला होता तेव्हाची गोष्ट. एका सुट्टीच्या दिवशी तो ओट्यावर दाढी करत बसला होता, तर आई डोक्यावर पाल्याचा भारा घेऊन रस्त्यानं येताना दिसली. काळपट हिरवी पानं लांबूनही ओळखू आली.

'कुठनं आनलास?'

'आपल्या झाडाचा,' आई म्हणाली. तिनं भारा उतरवला, मान मोडली. नानासोंच्या मागच्या भिंतीपलीकडं एक बोळ होता आणि फणसाच्या दोन-तीन फांद्या त्या बोळात लवल्या होत्या. हे ती इकडं यायच्या आधीच बघून ठेवून आली होती. 'दर बाजाराच्या दिशी जाते. खालचा पाला सरला. वरचा ऱ्हायलाय, माजा हात पुरत न्हाई.'

जोतीरामनं तोंडावरचा साबण पुसला. अर्धी दाढी तशीच होती. 'चल,' तो म्हणाला.

बोळ अरुंद होता, एका बाजूला उघडं गटार. तोडलेल्या फांद्यांच्या जागी नवे फुटवे आले होते आणि मधली फांदी भिंतीवरून पार पलीकडच्या घराच्या पत्र्याला टेकली होती. भर दुपार होती. बायका दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या आणि एक अर्धी दाढी केलेला, खाकी पँटीतला माणूस आकडी घेऊन आलेला पाहून त्यांचे हात थांबले. त्यानं विळा अडकवला आणि ओढला. फांदी मोडल्याचा आवाज बोळात घुमला. वर गॅलरीचं दार उघडलं.

'कोण आहे रे तिकडं?' नानासोंचा आवाज आला. फांद्यांमुळं ते दिसत नव्हते.

जोतीरामनं मान वर केली. 'मी जोतीराम,' तो म्हणाला, आणि वर नीट ऐकू जावं म्हणून, बायकांनाही ऐकू जावं म्हणून, त्यानं आवाज चढवला. 'जोतीराम धोंडिराम मोटे. पाला न्यायला आलोय.'

वर गॅलरीचं दार उघडंच होतं. आईनं पडलेली फांदी बाजूला ओढली आणि वर बोट केलं. 'ती बग, पत्र्यावरची. ती घे. कवळी हाय.'

त्यानं आकडी पुन्हा उचलली.